आमच्या दारची हाक

आमच्या बंजारा तांड्यात नसाब बसायची असली की कारभारी संध्याकाळी दारोदार फिरून हाक देतो. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, नायक तिचा प्रमुख आणि कारभारी त्याचा उजवा हात. हाक घरातल्या पुरुषाच्या नावाने. ज्याने ओ दिली त्याने येऊन बसायचं आणि घराच्या वतीने बोलायचं, असा आमचा साधासरळ कायदा. बाया भिंतीआडून ऐकतात. ऐकायला कोणाची ना नाही.

बापू, म्हणजे माझे वडील, काविळीने गेले तेव्हा मी शाळेत होते. कारभारी जुन्या वळणाचा माणूस. पुढेही कित्येक वर्षं आमच्या दारापुढे उभा राहून तो बापूंच्याच नावाने हाक द्यायचा आणि शेजारच्या घरातून काका ओ द्यायचे. यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. हाक देऊन झाली की हाच कारभारी याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातचा चहा प्यायचा आणि दूध पातळ आहे म्हणून चिडवून पुढच्या घरी जायचा. मेलेल्या माणसाला आवतण आणि जित्या बाईने चहा ठेवायचा! मी लहानपणापासून तिरसट आहे असं सगळे म्हणतात. हे पाहून माणूस तिरसट झाला नाही तरच नवल.

काका वाईट नव्हते. बापू गेल्यावर आमचं वावर त्यांनी स्वतःच्या आधी वाहून दिलं. पण उपकार करणाऱ्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं की घरही आपलंच आहे. मी बारावीला होते, सायकलने ढाणकीच्या कॉलेजात जात होते, आणि काकांनी माझ्यासाठी पुसदकडचा एक मुलगा पाहून टाकला. आमच्याकडे नसाबीसमोर गूळ वाटून खाल्ला की सोयरीक पक्की, मग माघार नाही. काकू बाजारातून गूळ घेऊन आली तेव्हा आम्हाला कळलं. याडी काकांकडे गेली आणि पोरीला शिकू द्या म्हणाली. शब्द देऊन झालाय, असं सांगून काका बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मुलीचं वय भरल्याशिवाय लग्न करता येत नाही, असा कायदा होता. समानतेच्या हक्काचा धडा तर मी पाठ करून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पण कायदा ढाणकीपर्यंत एसटीने येतो, तिथून तांड्यापर्यंत त्याला पायी यावं लागतं. मी त्या दिवशी घरात बसून नुसती रडले. याडी रडली नाही. तिने अंगण झाडलं, हातपाय धुतले आणि दारात येऊन उभी राहिली.

संध्याकाळी सोयरिकीच्या नसाबीची हाक द्यायला कारभारी आला. नेहमीसारखी बापूंच्या नावाने हाक दिली. काका ओ देणार इतक्यात याडी बोलली. आमच्या घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, तेव्हा बोलणं तिच्यातलंच, तुमच्यासाठी वऱ्हाडीत सांगते.

"तो घरी नाही. मसनात हाय. त्याले बोलवाचं असंन तं तिकडं जा. घरी मी आहो, मी येतो म्हणून सांग."

कारभाऱ्याने चहाही घेतला नाही. याडी डोक्यावरचा पदर सावरून त्याच्या मागोमाग गेली आणि लिंबाखाली, माणसांच्या गोलात, सरळ मांडी घालून बसली. मी आणि तांड्यातल्या बाया भिंतीआड. काका म्हणाले, वहिनीचं डोकं फिरलंय, मी बोलतो. दोघाचौघांनी माना डोलावल्या. नायकाने कारभाऱ्याला विचारलं, "हाकेले ओ कोनं देल्ली?"

कारभाऱ्याला खोटं बोलणं सोपं होतं. त्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा याडीकडे, आणि म्हणाला, "हिनं."

"मंग हेच बाई बोलंन," नायक म्हणाला.

याडी फार बोलली नाही. "पोरगी म्या पोटात वागवली, लोकाइच्या वावरात निंदाले जाऊन म्या शिकवली. गूळ खायाचा तं माह्या हातून खा. अन् माह्या हातून तो आज भेटत नाही. तिचं शिक्षण होऊ द्या, मंग तिलेच इचारा."

तिलेच इचारा! भिंतीआड माझे कान तापले. माझं काही मत विचारायचं असतं, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं. सोयरीक थांबली. आणलेल्या गुळाचं काय करायचं, असा प्रश्न कोणीतरी काढला. नायकाने त्याचा चहा करायला सांगितलं, आणि तो चहा भिंतीआडच्या बायांनाही मिळाला. काकांनी महिनाभर अबोला धरला, मग पेरणी आली आणि तो आपोआप सुटला.

आज मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लग्न मला विचारून झालं, जरा उशिराच झालं, कारण विचारल्यावर मी बराच भाव खाल्ला. तांड्यातल्या मुली आता दूर जाऊन शिकतात, आणि त्यांच्या सोयरिकीआधी नायक त्यांना समोर बसवून विचारतो. आमच्या दारी हाक येते ती त्या दिवसापासून याडीच्या नावाने. ती ऐकली की माझी छाती भरून येते. अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

गेल्या दिवाळीला मी घरी होते. कारभारी आता जुन्या कारभाऱ्याचा मुलगा आहे. त्याने आमच्या दारी हाक दिली, मग समोरच्या घरी दिली. तिथला नवरा दुपारपासूनच पिऊन बाजेवर पडलेला होता. त्याची बायको शेत करते, पोरं शिकवते, घर चालवते. हाक नवऱ्याच्या नावाने. त्याने पडल्या पडल्याच ओ दिली. याडीने कारभाऱ्याला थांबवलं आणि हिच्या नावाने हाक काहून देत नाही म्हणून विचारलं. तो म्हणाला, तिचा नवरा आहे ना अजून.

"माह्या नावाची हाक दारी याले, माह्या नवऱ्याले मरा लागलं," याडी म्हणाली. "हिनं बी तेच मागाचं का देवाले?"

कारभारी हसला. दाराआड उभी असलेली ती बाई हसली नाही.