सत्काराच्या शालीची गोफण

लोणारला माझं व्याख्यान ठरलं तेव्हा संयोजकांनी आधीच बजावलं, "मॅडम, विषय विश्वाचा आहे, गंभीर आहे. जरा शुद्ध भाषेत घ्या." शुद्ध म्हणजे काय हो? मी देऊळघाटची. आईच्या तोंडून जी बोली शिकले ती आता काय गाळून घेऊ? पण तोंडावर आलेलं गिळलं, कारण त्या दिवशी ऐकायला आई येणार होती.

बाप गेल्यापासून आमच्या घरात मामाचा शब्द शेवटचा. मामाने स्थळ आणलं होतं आणि त्या लोकांची एकच अट होती, पोरीने पुण्यातलं संशोधन सोडायचं. मी नाही म्हटलं, तर मामा आईवरच घसरला. शेवटी आई मला म्हणाली, "तू तिथं काय करून राह्यली, ते मले एक डाव समजू दे. मंग मामाले काय सांगायचं ते मी सांगीन." तिचं खरं होतं. न समजलेल्या गोष्टीसाठी सख्ख्या भावाशी कोण भांडेल?

ती एसटीने आली आणि शेवटच्या रांगेत बसली. शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. मी सुरू केलं, "दीर्घिकेच्या परिघावरील ताऱ्यांचा परिभ्रमणवेग..." पुढच्या रांगेत माना डोलायला लागल्या. मागे आई पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती. माझी सटकली. म्हटलं, गेली ती शुद्ध भाषा चुलीत!

सत्काराची शाल उचलली, तिच्यात नारळ घातला आणि दोन्ही टोकं मुठीत धरली. "माय, ज्वारीतले पाखरं हाकलाले तू गोफण फिरवते ना? हे पाह्य!" आणि डोक्यावर गरगर फिरवायला लागले. संयोजक खुर्चीसकट मागे सरकले. पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना खाली! भल्ली मजा आली, खोटं कशाला बोलू.

"शाल तुम्हाले दिसत नाई असं समजा. नुस्ता नारळ फिरून राह्यला. तो फेकल्या काऊन जात नाई? कोणीतरी धरून हाय. आकाशातले तारेबी असेच फिरतात, इतक्या जोरात का दूर फेकल्या जायले पाह्यजेत. पण जात नाईत. जे धरून हाय ते दिसत नाई, हाताले लागत नाई. त्याले डार्क मॅटर म्हणतात. ते काय हाय हे जगात कोणालेच माहीत नाई. मी तेच शोधून राह्यली."

"अवं, हळू!" मागून आई ओरडली. "अन् सुटलं म्हंजे?"

लोक हसले. मी नारळ खाली ठेवला. हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्नच नव्हता तो.

"तेच तं, माय. दुसरंबी एक हाय, डार्क एनर्जी. तिच्यापायी ताऱ्यांचे मोठमोठे घोळके एकमेकांपासून लांब चालले, अन् चाल वाढूनच राह्यली. असंच चाललं तं बाकीचे घोळके कधीच दिसणार नाईत, तारे इझतीन, समदं थंड पडीन. कोणी म्हणते, त्याच्या आधीच समदं फाटून जाईन."

"मंग खरं कोणतं?"

"माहीत नाई, माय."

कार्यक्रम संपल्यावर संयोजकांनी मला बाजूला घेतलं, "प्रात्यक्षिक छान, पण भाषा..." मी म्हटलं, "भाषा हीच राहणार. पटत नसेल तर पुढच्या वेळी बोलावू नका."

बसस्टँडवर मामाचा फोन आला. आईने घेतला.

"हाव, आयकलं मी तिचं. तारेबी एक दिवस इझतीन म्हणते. ते स्थळ राहू दे... काऊन म्हंजे? आभाळ कायनं धरलं हे कोणाले माहीत नाई, अन् पोरीनं ते सोडून कुठं जावं?" पलीकडून मामा ओरडत होता, ते मलाही ऐकू आलं. एक दिवस सगळंच विझणार असेल तर शोधून फायदा काय?

"इझन तवा इझन!" आई कडाडली. "पाखरं दरसाली येतात. मी ज्वारी पेराची सोडली का?"

फोन बंद करून तिने पिशवीतला सत्काराचा नारळ काढला, कट्ट्यावर आपटून फोडला आणि मोठा तुकडा माझ्या हातात दिला.

"खा. अन् उद्याच पुण्याले नीघ."