खालचे सूर

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी कल्याणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. शेजारी रेल्वेच्या लोकोशेडमध्ये इंजिनं दुरुस्त करणारे, फिटर असलेले एक गोवेकर राहत. तरुणपणी मुंबईच्या मोठ्या हॉटेलात त्यांनी ट्रंपेट वाजवला होता, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी मात्र त्यांना वाजवताना कधी ऐकलं नव्हतं.

एका दुपारी ते संकोचत आले. त्यांच्या अमेरिकन गुरूला इंग्रजीत पत्र लिहायचं होतं. लिहिता लिहिता त्याचं आयुष्यच मला कळलं. तो गोदीतल्या एका काळ्या हमालाचा मुलगा. आधी प्रेतयात्रेच्या बँडमध्ये वाजवायचा, मग नदीवरच्या बोटींत. जॅझ नवा होता त्या दिवसांत त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. पण ज्या हॉटेलांत वाजवायचा, तिथे पुढच्या दाराने त्याला आत घेत नसत. कंटाळून त्याने जहाज धरलं आणि मुंबईला आला. तिथे मास्तर त्याच्या शेजारी बसून शिकले. युद्ध सुरू झालं तसा तो परत गेला.

शेवटी मास्तर खाली बघत म्हणाले, "लिहा बाई, पुढचे दात गेले. ओठाला आधार नाही. वाजवणं सुटलं."

उत्तर यायला चार महिने लागले. तिकडे नवं संगीत आलं होतं, जुन्यांना कोणी विचारेना. तो एका इमारतीत लिफ्ट चालवत होता. दात त्याचेही गेले होते. कवळी बसवून तो पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकला होता आणि आता रविवारी चर्चमध्ये वाजवत होता. त्याने लिहिलं होतं, "वरचे सूर गेले. खालचे मी पूर्वी कधी नीट ऐकलेच नव्हते."

मास्तरांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं.

त्यांनी ठाण्याला जाऊन कवळी करून घेतली. मग रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून रेड्याच्या रेकण्यासारखा आवाज येऊ लागला. वह्या तपासताना मी वैतागायची, खोटं कशाला सांगू. असं वर्षभर चाललं.

नाताळात रेल्वेच्या हॉलमध्ये ते उभे राहिले. एक संथ चाल वाजवली. जिथे ती वर चढेल असं वाटे, तिथे ते खालीच थांबत. टाळ्या बेताच्याच पडल्या.

त्यांची बायको माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "पूर्वी लोकांकडे बघून वाजवायचे. आज डोळे मिटून वाजवलं."