कानातली शिट्टी आणि हिरवा दिवा

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या ह्यांच्या कानात शिट्टी वाजायची. बाहेर कुठंच काही नाही, फक्त ह्यांच्याच कानात, दिवसभर. हे पांढुर्ण्याच्या जिनिंगात फिटर होते. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात उमर गेली, त्याचं हे बक्षीस!

सासूनं फर्मान काढलं, घरात कोणी आवाज करायचा नाही. लेकरं खेळायला बाहेर गेली, रेडिओवर कापड पडलं. आणि मी सौसरची लेक! माझ्या तोंडाचा पट्टा झोपेतही चालतो असं माझी मायच म्हणायची. ती मी इशाऱ्यानं भाजी वाढू लागले. जीव गेला बापा माझा.

एवढं करूनही हे घरी थांबत नव्हते. जेवले की परत जिनिंगात. सुट्टीच्या दिवशी स्टेशनवर जाऊन मालगाड्यांचा धडधडाट ऐकत बसायचे. मला वाटे, माणूस हातचा चालला. घर नकोसं झालं की मी नकोशी झाले, हे विचारायचीही सोय नव्हती, कारण बोलायचंच नव्हतं.

शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं की दोष कानात असला तरी आवाज मेंदूत उठतो. तिथलेच एक तरुण डॉक्टर ह्या शिट्टीचाच अभ्यास करत होते. डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजायच्या. मेंदू निवांत झाला की समोर हिरवा दिवा लागणार. तो पाहून माणसानं निवांत व्हायला शिकायचं, मग शिट्टीचा त्रास कमी होतो का ते बघायचं.

पण तारा चिकटेनात. मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणून मी सकाळीच ह्यांच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल जिरवून भांग पाडला होता. आमच्यात कोरड्या डोक्यानं परगावी पाठवत नाहीत, लोक म्हणतील घरात बाई नाही का!

"बाई, हे काय केलंत?" डॉक्टर वैतागले.

ह्यांना नळाखाली बसवून साबणानं डोकं धुतलं. तारा लागल्या. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खोलीत अगदी चिडीचूप झालं. हे घामाघूम होऊन दिव्याकडे पाहत राहिले. दिवा काही लागेना.

माझा संताप अनावर झाला. "वाटीभर तेल नळाखाली गेलं! सांगाचं नाई का पहिलेच? मले काय मालूम, डोक्याले तारा लावतेत म्हणून?"

दिवा लागला.

डॉक्टर वळले, मी दचकून गप्प बसले. दिवा विझला.

"बोला, बाई," ते हळूच म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही."

मग काय! संत्र्याच्या बहारापासून शेजारणीच्या शेळीपर्यंत सगळं बोलले. दिवा लागलेलाच. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "सायब, चुपचाप असलं का शिट्टी डोकं खाते. घरी तर लयच. ही बोलून राहिली का शिट्टी समजतही नाही."

"मंग घरी काऊन नाही सांगतलं?" मी ओरडलेच.

"तुमी सारे माह्यासाठी गप बसून राहिले होते. कसं सांगू?"

मला रडूही आलं आणि हसूही. डॉक्टर कागदावरच्या रेघांकडे पाहत बसले.

पुढंही आम्ही नागपूरला जात राहिलो. दिवा लावायला हे एकट्यानंही शिकले, पण शिट्टी काही पुरती गेली नाही. मी मात्र घरात सुटले. लेकरं अंगणात परतली, रेडिओवरचं कापड निघालं.

एका सुट्टीच्या दिवशी तांदूळ निवडता निवडता माझं बोलणं चाललं होतं. घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला थांबले, तर ओसरीवरून आवाज आला, "काऊन वं, गप काऊन झाली?"

आणि आतून सासू ओरडली, "बोल वं बाई, बोल! नाहीतर जाईन तो टेसनावर!"