नववा फर्मा

बाइंडर आधी हात धुवी, मगच पुस्तकाला हात लावी. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, खळीचा डबा आणि दाभण यांच्या संगतीत, त्याने छत्तीस वर्षे फाटकी पुस्तके शिवली. आणि शिवता शिवता, सोळा पानांच्या घडीचा एकेक फर्मा करून, ती वाचली. शाळा सातवीत सुटली होती, गोडी सुटली नव्हती. काय सांगावे त्या वाचनाचे सुख! पुस्तक हेच त्याचे दैवत आणि शिवण हीच त्याची पूजा.

निवृत्तीनंतर एकदा नात गाल फुगवून आली. समुद्रापलीकडच्या प्राचीन लोकांविषयी तिला वाचायचे होते: मक्याच्या मुलखात मंदिरे उभारणारे माया आणि उंच पर्वतांत दगडी वाटा बांधणारे इंका. हाती लागत होते ते सारे सोन्याचे घबाड, नाहीतर परग्रहावरचे पाहुणे. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तरुणपणी शिवलेली दोन पुस्तके त्याला आठवली. तशी पुन्हा हाताखालून गेली नाहीत, असे सांगत त्याने तिला ग्रंथालयात नेले.

ग्रंथपालबाईंनी कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवले. वाचकांच्या तक्रारी होत्या. मायांच्या मध्येच इंका उगवत, इंकांच्या मध्येच माया. दोन्ही पुस्तके उद्या सकाळी रद्दीत जायची होती.

त्याने पहिले उघडले. झाडाच्या सालीच्या कागदावरच्या माया लोकांच्या घडीच्या पुस्तकांची हकिकत एकशे अठ्ठाविसाव्या पानावर अर्ध्या वाक्यात तुटली होती. एकशे एकोणतिसाव्या पानावर इंका दोऱ्यांना गाठी मारून नोंदी ठेवत होते. शिवण त्याची स्वतःची होती.

आणि ती दुपार जशीच्या तशी समोर उभी राहिली. नवी नवरी डबा घेऊन आली होती. दोन्ही पुस्तकांचे नववे फर्मे मांडीवर घेऊन त्याने तिला आळीपाळीने वाचून दाखवले. ती म्हणाली, "त्यांच्याकडे दोऱ्याविना पुस्तक, यांच्याकडे कागदाविना नोंद. तुमच्याकडे दोन्ही आहे, तरी घरची उशी महिनाभर उसवलेलीच." हसता हसता फर्मे चुकीच्या थप्प्यांवर गेले. पानांचे आकडे मात्र बिनचूक जुळले. आणि बाइंडर तपासतो ते आकडेच.

तिला जाऊन आठ वर्षे झाली होती.

"बाई, पुस्तकं निर्दोष आहेत, चूक माझी आहे," तो म्हणाला. "आजचा दिवस खोली द्या."

बाई हसल्या. "काका, इतक्या वर्षांत तुमची एक चूक सापडली, तीही तुम्हीच सांगताय. खोलीची वाट तुम्हाला ठाऊकच आहे."

त्याने हात धुतले. कात्री दोऱ्याला लावली आणि हात थबकला. त्या टाक्यांत तिचे हसू शिवलेले होते. ते उसवावे कसे? पण न उसवले तर ज्या पानांवर ती हसली, ती पानेच उद्या लगद्यात जाणार.

"आजोबा, मी कापू का?" नातीने हळूच विचारले.

"नको. मीच बांधलंय, मीच सोडवीन."

सायंकाळपर्यंत दोन्ही फर्मे आपापल्या घरी गेले. नात खिडकीपाशी बसून वाचू लागली. टेबलावरचा जुना दोरा टाकून द्यायला तिने उचलला, तेव्हा त्याने तो मागून घेतला, त्याला एक गाठ मारली आणि खिशात ठेवला.

"वाच तू," तो म्हणाला. "हे माझं पान आहे."