हळदीचं दळण

माकणी गावात लाईट गेली की सगळे सावली शोधतात आणि आमचा गौरीशंकर उन्हात येतो. गिरणीचं शटर पार वरपर्यंत ढकलायचं, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकायची आणि लाईट येईपर्यंत सगळ्यांना दिसेल असं बसायचं. केसांत पीठ, भुवया पांढऱ्या. नव्या सुना हसतात. मी समोरच शिलाई मशीन घेऊन बसते, म्हणून मला विचारतात, "कमलकाकू, हे उन्हात का बसतेत?" मी म्हणते, "हवा लागती त्याला."

चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही. वाण्याचा एकुलता एक पोरगा, स्वतःची गिरणी, दारू नाही, तंबाखू नाही. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. नालायक असता तर दोन शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याच आळीतल्या अमरसिंहाची धाकटी बहीण निकिता पुण्याहून माहेरी आली. नवऱ्यानं दुसरी घरात आणली होती, म्हणून ही सोडचिठ्ठी घेऊन आली. भावजयीनं तोंड वाकडं करायच्या आत घरातलं सगळं काम हिनं अंगावर घेतलं. दळणही तीच आणायची. पीठ चिमटीत धरून म्हणायची, "जरा जाड आलंय." गौरीशंकर बिचारा पुन्हा दळून द्यायचा. जाडबिड काही नसायचं. मी समोरून बघत होते, मला काय कळत नव्हतं?

बायका नंतर म्हणाल्या, ते प्रेम नव्हतं, अंगाची आग होती. मला विचाराल तर दोन्ही होतं. तिशीला टेकलेल्या एकट्या माणसांना ते वेगळं करता येतं का? तो तिच्यासाठी झुरत होता हे खरं, आणि ती आली की त्याची नजर ठिकाणावर राहत नव्हती हेही खरं.

निकिताचं मागणं एकच होतं. "तुझ्या आईला सांग. माझ्या दादाला म्या बघते."

गौरीशंकरची आई लक्ष्मम्मा, माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं. भांडायला लागली की निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि समोरच्याला दोन्ही झोंबायचं. पोरगा तिला अव्वा म्हणायचा आणि तिच्या सावलीलाही घाबरायचा. मराठ्यांची पोर, त्यात सोडलेली, हे अव्वाला सांगायचं कोणत्या तोंडानं? श्रावण होऊ दे म्हणाला. मग दिवाळी होऊ दे म्हणाला. असं करत चैत्र आला.

त्या दिवसांत दुपारी जेवणाच्या वेळेला लाईट जायची ती चहाच्या वेळेला यायची. तेवढा वेळ गिरणी बंद, शटर अर्धं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या दुपारी निकिता ज्वारीचा डबा घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही. पुढचं मला गौरीशंकरनंच सांगितलं. लिंगायत माणूस गळ्यातलं लिंग आंघोळीलाही काढत नाही. त्यानं ते काढलं. देवासमोर नको वाटलं. चांदीच्या डबीसकट दोरा त्यानं भिंतीच्या खिळ्याला अडकवला.

आणि लाईट वेळेच्या आधी आली.

आमच्या आळीत लाईट आल्याचं गिरणीच्या आवाजावरून कळतं. त्या दिवशी माझा पंखा फिरायला लागला आणि समोरची गिरणी गप्प. गौरीशंकरनं उठून नुसतं बटण दाबलं असतं, तरी कुणाला काही कळलं नसतं. पण डोक्यावरचा बल्ब लागला आणि तो बटण सोडून कपडे सावरत बसला. तोवर धुरपताबाई डबा घेऊन दारात. "गौऱ्या, लाईट आली की रं! मोटर जळली का काय?" म्हणत तिनं शटर वर ढकललं. तिच्यामागं आणखी दोघी, आणि त्यांच्यामागं पोराला चहा घेऊन आलेली लक्ष्मम्मा. मीही उठून गेले.

निकिता डब्यापाशी उभी होती. ओढणी सावरलेली, पण पाठ सगळी पिठानं माखलेली. ती घाबरली नव्हती. ती गौरीशंकरकडं बघत होती. आता तरी हा बोलेल, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. बोलला असता तर दोन महिने गाव पेटलं असतं आणि मग विझलं असतं. गावाला दुसरी कामं असतात.

गौरीशंकर बोलला. "म्या न्हाय बोलावलं हिला. हीच आली आत. म्या जा म्हणत हुतो."

निकितानं डबा उचलला. ज्वारी तशीच होती, न दळलेली. डोक्यावर घेऊन ती आमच्यामधून निघून गेली. लक्ष्मम्मा पोराकडं एकटक बघत राहिली, मग चहाची किटली तिथंच ठेवून घरी गेली. मला वाटलं, रागानं गेली.

दोष सगळा पोरीवर आला, तो कुठं जाणार? अमरसिंहानं महिन्याच्या आत तेरच्या एका बिजवराशी तिचं ठरवलं. मोठी पोरं असलेला माणूस. आणि लग्नाच्या तोंडावर अमरसिंह हळकुंडांची पिशवी घेऊन गिरणीत आला. तसा गौरीशंकर हळद कधीच दळत नाही. दगडाला रंग बसतो, नंतरच्याचं पीठ पिवळं येतं. हळद-मिरचीवाल्यांना तो सरळ लोहाऱ्याला पाठवतो. पण अमरसिंह म्हणाला, "तेवढी दळून दे बाबा. तू भला माणूस. दुसरा कुणी असता तर आमच्या पोरीचा फायदा घेतला असता."

तेव्हा तरी सांगायचं होतं! भाऊ समोर उभा, पोर अजून घरात. गौरीशंकरनं बटण दाबलं. मला म्हणाला, "वहिनी, तिच्यासाठी करण्यासारखं तेवढंच हातात ऱ्हायलं हुतं." मी म्हटलं, मेल्या, तोंड राहिलं होतं की!

ती हळद मी माझ्या हातानं निकिताला लावली. तिनं विचारलं, "कुठं दळली?" मी खरं ते सांगितलं. तिनं गालावरची हळद बोटावर घेतली, चोळून बघितली. "लई बारीक दळलीय," म्हणाली.

वऱ्हाड तेरला गेलं त्या संध्याकाळी लक्ष्मम्मानं पोराला जेवायला वाढलं. हळदीनंतर गिरणीत पहिली पडलेली ज्वारी त्यांच्याच घरची होती. ताटात भाकरी पिवळी. गौरीशंकर हात लावेना. तेव्हा लक्ष्मम्मा समोर बसली.

"त्या दिवशी तुझ्या गळ्यात लिंग नव्हतं," ती म्हणाली. "खिळ्याला हुतं. ती नुसती आत आली असती तर तू ते कशाला काढलं असतंस? म्या तवाच समजले."

गौरीशंकरनं ताट मागं सारलं.

"लिंग काढलंस, ते शिव पोटात घालंल. पण त्या पोरीला चारचौघींत एकटी पाडलीस. म्या घरी आले, चूल पेटवली, तिघांचा भात टाकला. म्हणलं, आता तिला घिऊन यील. चार दिस शिव्या दिल्या असत्या म्या, आणखी काय केलं असतं? महिनाभर वाट बघितली रं. रोज वाटायचं, आज म्हणंल, अव्वा, ही तुझी सून."

"तू कधी बोलली न्हाईस," गौरीशंकर म्हणाला.

"बोलायचं कुणी हुतं?"

लक्ष्मम्मा आता नाही. मला हे सांगताना गौरीशंकर रडला नाही, त्यानं फक्त एक गोष्ट परत परत सांगितली. अव्वानं ताट पुढं सरकवलं, आणि त्यानं ती पिवळी भाकरी पूर्ण खाल्ली.