तीन सिद्धार्थांची आजी

सकाळचे सव्वासात. चिल्यासाठी तांदळाचं पीठ कालवत होते आणि नळ आला का ते एका कानाने ऐकत होते. दारावर थाप पडली. आधी एक, मग लागोपाठ चार. उघडलं तर शेजारच्या अंजनाबाई रामटेके, अनवाणी, हातात फोन.

"शर्मिष्ठा, सिद्धार्थले लागलं म्हणते प्लांटात. लाल सळई पायावर आली."

सिद्धार्थ त्यांचा नातू. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीनेच वाढवलेला. उरला इथल्या कारखान्यांच्या भागात, सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला. त्याला फोन लागत नव्हता. आत जाताना गेटवर जमा करावा लागतो. ज्या नंबरावरून निरोप आला होता तोच मी लावला. ठेकेदाराचा माणूस होता.

"कौन सा सिद्धार्थ, भैया?"

"बीरगांव वाला."

"बीरगांव के तो तीन हैं आपके यहाँ."

"हाजिरी में एक-दो-तीन लिखा है, दीदी. कौन सा किसका, मैं क्या जानूँ? जो नंबर मिला, लगा दिया. समता कॉलोनी के अस्पताल ले गए हैं, वहीं देख लो."

गॅस बंद केला, माझ्याच चपला त्यांना घातल्या आणि ऑटो पकडला. ट्रकांच्या रांगेत ऑटो अडकला तशी अंजनाबाईंनी माझं मनगट धरलं.

"काहून ठेवलं मी एकच नाव सगळ्यायले?"

आमच्या बीरगांवच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हा रिवाज आहे. विहारात त्रिसरण-पंचशील झालं की बाळाचं नाव अंजनाबाईंनीच पुकारायचं. त्या प्रसूतिगृहात आया होत्या, निम्मी पोरं त्यांच्याच हातावर आलेली. त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं कचरू. सातव्या महिन्यात जन्मलेलं पोर जगावं म्हणून ठेवलं, असं घरात सांगायचे. पण सासरे रेल्वेत कामाला होते तिथला साहेब त्या नावाने हाक मारून हसायचा, ते त्यांनी नवी नवरी असताना पाहिलं होतं. नागपूरच्या दीक्षेनंतर आपल्या घराघरांतून अशी नावं गेली आणि राहुल, गौतम, सिद्धार्थ आले. अंजनाबाईंचा जीव शेवटच्यावर. ज्याचा हेतू पुरा झाला तो सिद्धार्थ, हे त्या प्रत्येक बाळंतिणीला समजावून सांगायच्या. "भगवंतायचं घरातलं नाव हे. वाढवणारी माय हाक मारे ते." कोणी म्हटलं, मावशी, हे नाव तर शेजारच्या पोराचं आहे, तर त्या म्हणायच्या, "राहू दे ना. चांगलं नाव काय एकालेच लागते?" चोवीस वर्षांपूर्वी, एकाच वर्षी, असे तीन झाले. तिघंही एकाच पाळीला लागले, एकमेकांच्या ओळखीने.

ऑटोत त्या पुटपुटत होत्या. मी कान दिला. "आमचा नसू दे. आमचा नसू दे." मग एकदम थांबल्या, जीभ चावली, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. मीही मनात तेच म्हणत होते.

इस्पितळात खिडकीवरच्या मुलीने रजिस्टर उलटवलं. "सिद्धार्थ, बीरगांव. बस इतना ही लिखाए हैं."

"सरनेम?"

"बेहोश जैसा था, कौन बताता?"

आतला हिरवा पडदा अर्धा ओढलेला. बाहेरून फक्त पट्ट्यांनी जाड झालेला पाय दिसत होता. अंजनाबाई तिथंच थांबल्या. जळाल्याचा वास येत होता.

"बेटा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आजी?"

आवाजावरून काय कळणार? तिघंही त्यांना आजीच म्हणतात, आणि दुखण्यात सगळ्यांचे आवाज सारखेच होतात. शेवटी पडदा मी सरकवला.

आमच्याच पाऱ्यातल्या विमला गजभियेचा सिद्धार्थ होता.

"आमचा नाही!" अंजनाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले. "नाही वं शर्मिष्ठा, आमचा नाही!"

पलंगावरचा पोरगा ओठ दाबून हसला. "हव आजी, दूसरा वाला हूँ. आपका वाला मेरे कागज बनवाने रुका है. गेट पे फोन मिलते ही घंटी मारेगा."

अंजनाबाईंचे जोडलेले हात खाली आले. चेहरा असा उतरला की मला बघवेना. पाय वाचेल की नाही ते संध्याकाळपर्यंत सांगू, असं डॉक्टर सांगून गेले. त्याची आई विमला तोवर शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या कामाला गेलेली. तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी फोन काढला.

"थांब," अंजनाबाई म्हणाल्या. स्टूल ओढून त्या पलंगाशी बसल्या आणि पोराचा हात आपल्या मांडीवर घेतला. "तिले फोनवर नको सांगू. तू जाऊन घेऊन ये. अन् ती येईपर्यंत मले इथं बसू दे."