कापसाच्या गंजीवरचा उजेड

अक्का माणसाला रामराम करायच्या आधी त्याचा वास घ्यायची. पाचोऱ्याच्या आमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ती बायांची मुकादम होती आणि बिडीवर तिचा भारी राग. फाटकातच ती हमालांचे खिसे चाचपायची. एकदा खुद्द शेठजींच्या पाहुण्याची काड्यापेटी काढून घेतली आणि वर त्याला ऐकवलं, "कापूस निजेल शे, त्याले उठाडू नका."

संध्याकाळी काम सुटायच्या आधी ती प्रत्येक गंजीत खांद्यापर्यंत हात खुपसून बघे. कापूस आतल्या आत तापला, तर धूर निघेपर्यंत कळत नाही, आणि बायांची पोरं त्याच गंज्यांच्या आडोशाला निजलेली असत. मी वजनकाट्यावरचा कारकून. आम्ही तिला गंजीची नाडी बघणारी वैदीण म्हणायचो. तिला ते मनातून आवडत असावं.

सत्तर सालच्या आसपासचा हिवाळा असेल. दिवेलागणीला आकाशातून एक जळता गोळा शेपूट ओढत आला. हिरवट पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले, आमच्या सावल्या आवारभर सरकल्या. थोड्या वेळाने असा आवाज झाला की मी दोन्ही कान दाबून धरले. मोठ्या गंजीवर ठिणगी पडली, असं कोणीतरी ओरडलं. झालं! हमाल बादल्या घेऊन वर चढले आणि त्यांच्या वजनाने गंजीची एक बाजू घसरली.

त्याच बाजूला खाली सखू नावाच्या कामकरणीचं तान्हं पोर गोधडीवर झोपलेलं होतं.

सखू नुसतं बोट दाखवत होती. हमाल खाली उड्या टाकणार, तोच अक्का म्हणाली, "कोनी हालू नका. पाय पडी पोरवर." सगळे होते तिथेच थिजले. अक्का गुडघ्यांवर बसून कापसात हात घालत राहिली, काढून पुन्हा घालत राहिली. पोर गेलं, असंच मी धरून चाललो होतो. मग तिचा हात थांबला. तिने पोर ओढून काढलं, नाकातोंडातला कापूस बोटाने काढला, पालथं धरून पाठीत थापट्या मारल्या. ते रडलं तेव्हा वरचे हमालही रडले. ठिणगी कुठेच पडलेली नव्हती.

पुढे कित्येक वर्षं गावात त्या उजेडाच्या गप्पा चालल्या. जो तो आपल्या पदरचं घालून सांगे. मीही सांगितलं.

जिन बंद पडलं तेव्हा अक्का धुळ्याला लेकीकडे कायमची निघाली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीला उशीर होता. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, अक्का, तो गोळा तुला कसा दिसला?

तिने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"मी वर दखंच नही, भाऊ. पोरे खाले व्हतात ना."